'व्हर्मूथ' या वाइनच्या नावात 'वर्म' म्हणजे किडा आहे का?

मार्टिनी या कॉकटेलमध्ये घालतात त्या व्हर्मूथच्या नावात किडा आहे का, हा तुमचा प्रश्न. नाही. पण किड्याची शंका का येते, तीच खरी गंमत आहे.

शब्द मूळचा जर्मन, उच्चार साधारण 'व्हेर्मुट'. एका जहाल कडू झुडपाचं हे नाव. शास्त्रीय भाषेत आर्टेमिसिया अब्सिन्थियम. अ‍ॅबसिंथ या दारूचं नावही यावरूनच पडलं. जुन्या जर्मन लिखाणात या शब्दाच्या शेवटी 'टीएच' असे, उच्चार मात्र 'ट'. फ्रेंचांनी तो शब्द घेतला, इंग्रजांनी पुढे उचलला आणि अक्षरं बघून 'थ' म्हणू लागले.

त्याच झुडपाला जुन्या इंग्रजीत 'वेर्मोद' म्हणत. पुढे त्याचा अर्थ कुणाला लागेना, तेव्हा लोकांनी ओळखीचे दोन शब्द जोडून 'वर्मवुड' केलं. आपल्याकडे पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकूमदार' झालं, तसंच. त्यात ही वनस्पती पोटातल्या जंतांवर देत, म्हणून चुकीचं नाव चपखल बसलं आणि टिकलं.

आता वाइन. जर्मन मुलखात हे झुडूप घातलेली वाइन आधीपासून प्यायली जायची. पण आज ओळखतो ती व्हर्मूथ इटलीतल्या तुरीनची. 1786 साली आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो यांनी विकायला काढली. इटालियन माणसाच्या मालाला जर्मन नाव, ते असं. युरोपीय संघाच्या नियमानुसार आर्टेमिसिया वर्गातली वनस्पती घातल्याशिवाय बाटलीवर व्हर्मूथ लिहिता येत नाही. थोडक्यात, नावात जे आहे ते बाटलीतही असावंच लागतं. जेवणाआधी घेतात म्हणून तिला 'अपेरितीफ' म्हणतात. लॅटिनमधल्या 'उघडणे' या क्रियापदावरून आलेला शब्द. कडू चवीनं भूक उघडते, अशी समजूत.

हे वाचून मला आधी आठवला तो दवणा. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, या झुडपाचा चुलतभाऊच. जंतांवरचा किरमाणी ओवाही याच गोतावळ्यातला. आमच्याकडे आजी कपड्यांच्या घडीत दवणा ठेवायची, त्यामुळे पहिल्यांदा व्हर्मूथ हुंगली तेव्हा मी तो गोड वास शोधत बसलो. सापडला नाही. चव घेतल्यावर मात्र काढाच आठवला.