राजीनामा पाठवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

बरोबरीचे सगळे स्वतःची कंपनी काढताहेत आणि आपण अजून दुसऱ्याकडे नोकरी करतोय याची लाज वाटते, असं तू लिहिलंस. वाचून वाईट वाटलं. राजीनामा द्यायचा की नाही हे नंतर बघू, आधी ही लाज मनातून काढून टाक. रुग्णालयात जाणारी उपकरणं तू तपासतेस. त्यातलं एखादं सदोष निघालं तर ते तुझ्या टेबलापुढे जात नाही, आणि पलीकडे कुणाचा तरी श्वास त्या यंत्रावर अवलंबून असतो. यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

गाडीत आपण छातीवरून आणि कमरेवरून जो पट्टा लावतो, तो १९५९ मध्ये नील्स बोलिन या व्होल्वोतल्या पगारी इंजिनिअरने आणला. त्याआधी ते दुसऱ्या कंपनीत, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते. एका नोकरीतलं ज्ञान त्यांना दुसऱ्या नोकरीत उपयोगी पडलं. कंपनीने ते पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिलं, आणि आज जगभरच्या गाड्यांत तो पट्टा आहे.

कोइची तानाका तर मला फार जवळचे वाटतात. जपानच्या शिमाद्झू कंपनीतले साधे अभियंता, डॉक्टरेट नाही, शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं. १९८५ च्या सुमारास प्रयोगात चुकून कोबाल्टच्या बारीक भुकटीत ग्लिसरीन पडलं. ती भुकटी टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिलं. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचं वस्तुमान मोजण्याची वाट तिथून सापडली. २००२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हाही ते त्याच कंपनीत नोकरीला होते. चुकलेल्या मिश्रणाकडे पुन्हा एकदा पाहण्याइतकी आस्था त्यांच्यात होती, आणि मला वाटतं हीच आस्था तुझ्या कामातही आहे.

मग सगळीकडे फक्त संस्थापकांचंच कौतुक का ऐकू येतं? एक कारण तू नीट समजून घ्यावंस. स्टार्टअपमध्ये पैसा घालणारा फंड एकाच कंपनीवर भिस्त ठेवत नाही, अनेक कंपन्यांत थोडाथोडा पैसा लावतो. बऱ्याचशा बुडतील हे त्याने धरलेलंच असतं. एक-दोन प्रचंड वाढल्या की बाकीच्यांचं नुकसान भरून निघतं. म्हणून जितके जास्त तरुण उडी मारतील तितकं त्याच्या सोयीचं. तुझ्याजवळ मात्र पन्नास आयुष्यं नाहीत. ‘धोका पत्करा’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्याचा धोका वाटला गेलेला असतो, तुझा सगळा एकाच जागी येतो. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे बघ: नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचातला एक पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मे. बंद पडलेल्यांना भाषणाला कुणी बोलवत नाही, त्यामुळे ते तुला दिसतही नाहीत.

आणि वयाची घाई करू नकोस. अमेरिकेतल्याच नोंदींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात संस्थापकांचं सरासरी वय ४२ च्या आसपास निघालं, तर सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं ४५. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त दिसली. तू ज्याला थांबून राहणं म्हणतेस, त्याच वर्षांत हे ज्ञान अंगात मुरतं.

पण नोकरी कर म्हणजे निमूटपणे राब, असं मी कधीच सांगणार नाही. निळ्या एलईडीवर शुजी नाकामुरा या जपानी अभियंत्याने नोकरीत असताना केलेल्या शोधासाठी त्यांच्या कंपनीने त्यांच्या हातावर २०,००० येन ठेवले होते. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. पुढे २०१४ मध्ये त्याच क्षेत्रातल्या कामासाठी भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्येही त्यांचा वाटा होता. कामाचं मोल मागावं लागतं. तू शोधलेला दोष अहवालात तुझ्या नावाने नोंदला जातो का? पगार शेवटचा कधी वाढला? रात्री उशिरापर्यंत थांबतेस त्याचा मोबदला मिळतो का? हे प्रश्न साहेबांसमोर ठेवायला संकोच करू नकोस. हे करूनही तिथे किंमत नसेल तर ती जागा सोड, पण दुसरी चांगली नोकरी हाही पर्याय आहे, हे विसरू नकोस.

काहींनी धंद्यात पडायलाच हवं. एखादी अडचण रात्रंदिवस छळते, ती सोडवायला दुसरं कुणी पुढे येत नाही, आणि हिशेब, वसुली, माणसं सांभाळणं हे सगळं अंगावर घ्यायची तयारी असते, अशांनी जरूर पडावं. तुझ्या तीन पानी पत्रात अशी अडचण मला कुठे दिसली नाही. मित्रांच्या कंपन्यांची नावं मात्र बरीच दिसली.

तेव्हा एवढं कर. पुढच्या पत्रात मित्रांविषयी काही लिहू नकोस. कोणत्या उपकरणात कोणता दोष वारंवार येतो, तो का येतो असं तुला वाटतं, आणि तो दूर करायला तुझ्या कंपनीत कुणी तयार आहे का, हे सविस्तर लिही. कुणीच तयार नसेल तर आपण राजीनाम्याबद्दल गंभीरपणे बोलू. तोवर नोकरी सांभाळून, संध्याकाळी जमेल तेवढं त्यावर काम करून बघ, आणि काय सापडतं ते मला कळव.

तुझा हितचिंतक