स्कॅम्पी म्हणजे कोळंबी की शेवंड?

ऑकलंडहून एका ताईंनी विचारलंय की तिथे फ्रोझन पाकिटावर 'डीप वॉटर स्कॅम्पी' लिहिलेलं असतं, त्याला मराठीत कोळंबी म्हणायचं की शेवंड, आणि करायचं कसं.

माझं ठाम मत आहे, स्कॅम्पीच म्हणा. कोळंबी ती नाहीच, पुढे लांब बारीक नांग्या असतात, जात लॉबस्टरची. पण म्हणून शेवंडही नको, आपल्या कोकणातल्या शेवंडीला नांग्या कुठे असतात, नुसत्या लांब मिशा. न्यूझीलंडची स्कॅम्पी साधारण 300 ते 500 मीटर खोल, चिखलात बीळ करून राहते, आपल्याकडच्या होडीच्या जाळ्यात कधी न येणारा जीव, मग त्याला जुनं मराठी नाव कुठून असणार.

मूळ शब्द इटालियन, एक असेल तर स्काम्पो, अनेक असतील तर स्काम्पी, आणि तिकडे तो नॉर्वे लॉबस्टरसाठी वापरतात, फ्रेंच लोक त्यालाच लांगुस्तीन म्हणतात. पुढे शब्द फिरला आणि खरा गोंधळ झाला. ब्रिटनच्या पबमध्ये स्कॅम्पी म्हणजे त्याच प्राण्याच्या शेपटीचं मांस ब्रेडक्रम्स लावून तळलेलं, अमेरिकेत 'श्रिम्प स्कॅम्पी' म्हणजे लसूण, बटर आणि व्हाइट वाइनमधली साधी कोळंबी, आणि भारतात एक्स्पोर्टवाल्यांच्या बोलीत स्कॅम्पी म्हणजे चक्क गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी! त्यामुळे इथली रेसिपी बघून तिथलं पाकीट उघडू नका.

कालवणात तर अजिबात घालू नका, मांस गोडसर आणि फार नाजूक असतं, मसाल्यात चव मरते. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा, मग उभी चिरा, काळा दोरा काढा, वर लसूण-बटर लावून, कवच खाली ठेवून कडक ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं, बास. एक लक्षात ठेवा, कोळंबी गुलाबी झाली की शिजली हे आपल्याला सवयीचं आहे पण ही कच्चीच गुलाबी-केशरी असते, रंगावर गेलात तर फसाल. काचेसारखं दिसणारं मांस पांढरं झालं की लगेच उतरवा, जास्त झालं तर पिठूळ लागतं. वर लिंबू पिळायचं, नांग्या फोडून चोखायच्या.

डोकी-कवचं टाकू नका, कांदा घालून उकळा आणि त्या पाण्यात भात शिजवा, तिरफळं घालायचा मोह होत असेल तर ती तिथे घाला, मांसावर नको.