'रोध काढा' म्हणजे नक्की काय करायचं?

एका वाचकाने विचारलं आहे. मुलीच्या गृहपाठात गणित होतं: 'विजेच्या शेगडीला 230 व्होल्ट विभवांतर दिल्यावर तिच्यातून 5 अँपिअर विद्युतधारा वाहते. शेगडीचा रोध आणि शक्ती काढा.' उत्तर त्यांना आलं, शब्द मात्र पचले नाहीत. रोध, विरोध की हिंदीतल्यासारखं प्रतिरोध? आणि शेगडीला कसली आली शक्ती?

गणित आधी उरकू. 230 ला 5 ने भागलं की रोध, 46 ओहम. 230 ला 5 ने गुणलं की शक्ती, 1150 वॅट.

आता शब्द. रोध, विरोध, अवरोध, निरोध, प्रतिरोध, एवढंच काय अनुरोधसुद्धा, ही सगळी 'रुध्' या एकाच धातूची लेकरं. हिंदीने 'प्रतिरोध' उचलला, मराठी पाठ्यपुस्तकांनी उपसर्ग झटकून नुसता 'रोध' ठेवला. मला मराठीची निवड आवडते. विरोध म्हटलं की त्यात मन आलं, मत आलं. तारेचं कुणाशी वाकडं नसतं. अवरोध म्हणजे रस्त्यात आडवं पडलेलं झाड, वाहतूक ठप्प. निरोध तर 1968 साली कुटुंबनियोजनवाल्यांनी नेला तो नेलाच. शिवाय संस्कृतात 'रोधस्' म्हणजे नदीचा काठ, बांध. विजेला धारा म्हणायचं ठरल्यावर तिच्या वाटेतल्या अडचणीला रोध म्हणणं शोभून दिसतं.

खटकतं ते एवढंच, की रोजच्या मराठीत 'रोधक' जे काही असतं ते साफ अडवतं. जलरोधक घड्याळात थेंब शिरता कामा नये. विजेच्या मंडलातला (सर्किटमधला) रोधक मात्र वीज जाऊ देतो, फक्त सुखाने जाऊ देत नाही. पुरतं अडवतो त्याला आपण दुर्वाहक म्हणतो. त्यामुळे 'रोध 46 ओहम' हे वाक्य 'एवढी वीज अडली' असं वाचू नये. शेगडीतून 1 अँपिअर धारा न्यायची तर 46 व्होल्टचा रेटा लावावा लागतो, असं वाचावं. 1827 मध्ये गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने मांडलं ते हेच: तापमान फारसं बदलत नसेल तर धातूच्या तारेसाठी हे प्रमाण कायम राहतं. (त्याचा उच्चार 'ओम' करून हात जोडणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात दोन तरी असतात.)

'काढा'ची गंमत वेगळीच. मराठीत आपण उत्तर काढतो, चित्र काढतो, दूध काढतो, भांडण उकरून काढतो आणि काटाही काढतो. गणितातला रोध पहिल्या अर्थाने काढायचा. शेवटच्या अर्थाने काढला, म्हणजे शेगडीची कॉईल वगळून दोन वायरी थेट एकमेकींना टेकवल्या, तर धारा अफाट वाढते आणि फ्यूज उडतो. वायरमन त्याला 'शॉर्ट झालं' म्हणतो.

शक्तीचा घोळ याहून जुना. व्यवहारात शक्ती म्हणजे अंगात साठलेली ताकद. विज्ञानाने हा शब्द वेगासाठी राखला: दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते. साठा किंवा खर्चाची बेरीज म्हणजे ऊर्जा, ढकलायचं ते बल. आपली शेगडी तासभर चालली तर 1.15 युनिट वीज लागते. बिलात येतं ते हे युनिट, म्हणजे ऊर्जा. 'अश्वशक्ती'त मात्र शक्ती पहिल्यापासून बरोबर जागी बसली आहे. एक अश्वशक्ती साधारण 746 वॅट.

रोध आणि शक्ती या शब्दांमुळे होणारी दिशाभूल मी घरातच पाहिली. आमच्याकडे मातीच्या खाचांत कॉईल बसवलेली शेगडी होती. कॉईल तुटली की वडील प्लग काढून दोन्ही टोकं ओढून एकमेकांत पीळ घालून जोडत, जळकं टोक कापून टाकत. जोडलेली कॉईल आधीपेक्षा लालभडक होई. 'रोध कमी झाला तर ऊब कमी व्हायला हवी ना?' असं मला वाटे. रोध म्हणजे घासणं आणि घासणं म्हणजे ऊब, एवढंच डोक्यात होतं. पण घरातला दाब ठरलेला, 230. कॉईलचा दहावा हिस्सा कापला तर रोध 46 वरून 41.4 ओहमवर येतो, धारा 5 वरून 5.56 अँपिअरवर चढते आणि शक्ती होते 1278 वॅट. चहा लवकर होई, आणि कॉईल पुन्हा लवकर तुटे.

वर 'दाब' म्हणालो ते मुद्दाम. 'विभवांतर' अचूक आहे, पण परीक्षेबाहेर तो कुणाच्या तोंडी ऐकला नाही. उच्चदाब, लघुदाब हे शब्द वीजखात्याच्या मराठीत रुळलेले आहेत. गावाकडे तर 'लाइटला पॉवर नाही' म्हणतात, आणि त्यांना म्हणायचं असतं की दाब कमी आहे. पुस्तकी हिशेबाने चूक. पण दाब 230 वरून 160 वर उतरला तर याच शेगडीची शक्ती 1150 वरून जेमतेम 556 वॅटवर येते, निम्म्याच्याही खाली. म्हणजे पॉवर खरोखरच नसते.

तेव्हा मुलीला वहीत 'रोध' आणि 'शक्ती' लिहू द्या. 'विरोध' लिहिलं तर मी गुण कापणार नाही, पण तिच्या बाईंचं मला सांगता येत नाही.