कॉलेजच्या लायब्ररीत नवीन आहेस? मग हे आधी वाच

ओळखपत्र हातात पडलं की त्याच दिवशी लायब्ररी कार्ड काढ आणि बुक बँकेचा, म्हणजे पाठ्यपुस्तकांचा संच वापरायला देणाऱ्या योजनेचा, अर्जही मागून घे. संच मोजके असतात, मुदत उलटली की कुणी ऐकत नाही.

पुस्तकासाठी कपाटांतून भटकू नकोस, आधी ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या संगणकावरच्या पुस्तकयादीत, नाव टाक. मराठी नाव देवनागरीत सापडलं नाही तर रोमन लिपीत, दोन-तीन स्पेलिंगं करून बघ. नोंद करणाऱ्याने कशी केली असेल त्याचा नेम नाही. मग वर्गांक लिहून घे, दाखल क्रमांक नव्हे. गल्लत इथेच होते. दाखल क्रमांक त्या एका प्रतीचा. कपाटातली जागा सांगतो तो वर्गांक.

विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याच्या ड्युई पद्धतीत अर्थशास्त्र 330, मराठी साहित्य 891.46. टिंबानंतरचा एकेक आकडा सुटा वाच. 330.122 हे 330.9 च्या आधी लागतं. 122 मोठा समजून पुढे शोधलंस, तर पुस्तक जागेवर असूनही रिकाम्या हाताने परतशील. चाळून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात खोचू नकोस, टेबलावरच ठेव. भलत्या रांगेत गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.

घरून वाचायचं असेल आणि कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं, सदस्य असेल, तर लॉगिन ग्रंथपालांकडे माग. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर बिनलॉगिनचे मिळतात.

12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चुकवू नकोस. भाषणं सोड, पण बऱ्याच ठिकाणी तेव्हा ग्रंथप्रदर्शन असतं आणि एरवी कुलपात असलेली पुस्तकं हाताळायला मिळतात.