याद्या करताना

प्रिय मुली,

लग्न ठरल्यापासून साडीवरून, पत्रिकेतल्या नावांवरून, पंगत की बुफे यावरून घरात रोज खटके उडताहेत, असं तू लिहिलंस. त्यातलं बरंचसं साडीचं नसतंच. खर्च कुणाचा आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे कुणी उघड बोललेलं नसतं.

म्हणून याद्यांच्या बैठकीला, म्हणजे दोन्ही घरं खर्च आणि मानपान लिहून ठरवतात तिला, तुम्ही दोघंही बसा. हॉल, गुरुजी, जेवण एवढं लिहून मोठी माणसं उठतात आणि 'मानपान तुमच्या मनाप्रमाणे' असं मोघम ठेवतात. पुढे नडतं ते नेमकं हेच. कुणाकडची किती पानं, जादा पानांचे पैसे कोण देणार, सीमांतपूजन करायचं का, साड्या कुणाकुणाला, सगळं आकड्यांत लिहा. 'आहेर नको' असं पत्रिकेत छापून भागत नाही. मामा-आत्यांना आईनं स्वतः फोन करावा. मिळालेल्या भेटींची सहीनिशी यादी ठेवावी, असं हुंडाबंदी कायद्याखालचे 1985 चे नियम सांगतात. ती यादी टाळू नकोस.

आता आईचं. बाबा नाहीत, म्हणून कन्यादान काका-काकू करणार हे परस्पर ठरलंय आणि तिला कुणी विचारलेलंही नाही. तिच्या चिडचिडीचं मूळ बहुधा इथेच आहे. आधी तिला एकटीला गाठ आणि 'कन्यादान तूच करशील का' असं विचार. ती 'नको गं, लोक काय म्हणतील' म्हणेल. एकदा म्हणाली म्हणून सोडून देऊ नकोस. दोन दिवसांनी परत विचार. तेव्हाही मनापासून नको असेल तर जबरदस्ती नको, पण पहिली हळद तिनंच लावायची, एवढं पक्कं कर. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तरी मांडवात एखादी आजी तिला मागे ओढेलच. तिच्या शेजारी मावशीला उभी कर.

ती हो म्हणाली, तर त्याच आठवड्यात गुरुजींशी बोल. काही गुरुजी नाही म्हणतात. दुसरे शोधायला वेळ हवा. मग काकांकडे तू स्वतः जा, निरोप धाडू नकोस. कामाची वाटणी सरळ आहे: ग्रहमख आणि देवक या लग्नाआधीच्या विधींना जोडपं बसवतात, ते काका-काकूंकडे, कन्यादान आईकडे. पत्रिका छापायच्या आधी हे व्हायला हवं, कारण निमंत्रक म्हणून कुणाचं नाव वर, हा वाद त्यातूनच सुटतो.

केळवणं मात्र आवर. शेवटच्या आठवड्यात एकही घेऊ नकोस. जागरणानं आणि गोडधोडानं सगळ्यांचीच डोकी फिरतात.