व्हिडिओ कॉल अडकतात म्हणून मोठा प्लॅन घ्यावा, की राउटरमध्ये क्यूओएस (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा हे ठरवणारी सेटिंग) लावावं?

मोठा प्लॅन घेऊ नका. मोरजीच्या गेस्ट हाऊसमध्ये 100 एमबीपीएसची लाईन आहे आणि तरी संध्याकाळी कॉल अडकतात, असं तुम्ही लिहिलंय. एका व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. वेग कमी नाही, लाईनवर जायला थांबलेल्या डेटाची रांग लांब आहे.

हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. फोंड्याला माझी वहिनी संध्याकाळी ऑनलाइन गाणं शिकवते. तान मध्येच तुटायची. ती चूक दाखवेपर्यंत मूल पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. कनेक्शनवाल्यांचा माणूस म्हणाला, प्लॅन वाढवा. दादाने वाढवला. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दादा म्हणाला, अजून वाढवू. मी नेटवर्कचंच काम करते, पण त्याला माझ्यापेक्षा त्या माणसाचा शब्द मोठा वाटला, हे मला लागलं.

मग मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजत बसले. लाईन मोकळी असताना दहा-बारा मिलिसेकंद. अंगणातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि दादाच्या फोनमधले फोटो क्लाऊडवर चढायला लागले की पिंग थेट सेकंदाच्या घरात! बोलणं नीट चालायला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत हवा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. अपलोड भरलं की राउटर आणि मोडेम पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देत नाहीत, साठवत राहतात. पॅकेट हरवल्याशिवाय टीसीपी, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग ठरवणारी पद्धत, सहसा हात आखडता घेत नाही, त्यामुळे साठा फुगतच जातो. यालाच बफरब्लोट म्हणतात. रायबंदरच्या धक्क्यावर गाड्या उभ्या करायला जागा वाढवली म्हणून फेरीबोट लवकर सुटत नाही.

मी ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा राउटर बसवला, त्यातल्या एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सुविधेत केक नावाची पद्धत निवडली आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांवर बांधले. तो दहा टक्के वेग सोडावाच लागतो. तरच रांग कनेक्शनवाल्यांच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिच्यावर आपली सत्ता चालते. फार वेळ ताटकळवणारी रांग दिसली की पॅकेट टाकून द्यायचं, ही कल्पना कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये कोडेल या नावाने मांडली. केक त्याच वाटेवरचं, 2018 पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आहे. त्या संध्याकाळी कॅमेरे चालू असतानाच वहिनीचा वर्ग सलग झाला.

दादा अजून म्हणतो, नव्या प्लॅनमुळे झालं. मग एसक्यूएम बंद कर, फोटो चढव आणि पिंग बघ, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्याकडेही प्लॅन वाढवायला सांगणाऱ्याला हेच करून दाखवायला लावा.

क्यूओएसचं म्हणाल तर साध्या राउटरमधलं ‘गेमिंगला प्राधान्य’ वगैरे वेग न बांधता कुचकामी. डीएससीपीचे, म्हणजे पॅकेटवर मारलेले प्राधान्याचे, शिक्के घराबाहेर पडले की बहुतेक कोणी पाळत नाही. केकमध्ये नॅटचा (एकाच बाहेरच्या पत्त्यामागची घरातली उपकरणं वेगळी ओळखण्याचा) पर्याय आणि प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देणारी सेटिंग मात्र जरूर लावा, म्हणजे एका पाहुण्याचं डाउनलोड बाकीच्यांना बुडवणार नाही.

हां, खोल्यांत वायफायच पोचत नसेल तर यातलं काही कामाला येणार नाही. आधी केबल ओढून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारं जादा यंत्र, लावा. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला 100 एमबीपीएसवर केक झेपेलच असंही नाही. आणि केबलवर मोजलेला वेगच संध्याकाळी निम्मा होत असेल, तर दुखणं कनेक्शनवाल्यांकडचं आहे. आकडे लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.