सोलापूर ते दुबई आणि परत: इकॉनॉमीची काळजी सोडा, आधी गाडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडिलांना घेऊन पाच दिवस दुबईला जायचंय, तिघांचाही पहिलाच विमानप्रवास. वडील ६८ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात आणि तिला बीपीची गोळी चालू आहे. इकॉनॉमीत त्यांना झेपेल का, की ओढाताण करून बिझनेस क्लास घ्यावा?

झेपेल की! मुंबईहून दुबई म्हणजे तीन-सव्वातीन तास. आपण सोलापूरहून पुण्याला एसटीने जातो तेव्हा याहून जास्त वेळ बसतो, तेही इंदापूरला एकदा पाय मोकळे करून. टॉवेलच्या धंद्यामुळे माझी वर्षाकाठी एक-दोनदा दुबई होते. बिझनेसमध्ये बसलो तो एकदाच, तोही त्यांनीच फुकटात पुढे बसवलं म्हणून. जेवलो, सीट आडवी केली, डोळा लागतोय तोवर पट्टा बांधा म्हणून सांगायला आले. एवढ्यासाठी बऱ्याचदा तिप्पट-चौपट मोजायचे, हे मला तरी पटत नाही. रात्रभराचा प्रवास असता तर गोष्ट वेगळी.

म्हातारी माणसं विमानात दमत नाहीत, विमानाच्या आधी आणि नंतर दमतात. तुम्ही तिकिटं बघताना मुंबई-दुबई असं बघताय. सोलापूरच्या माणसाने घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचे तास मोजायचे. हजार-दोन हजाराने स्वस्त पडणारं पहाटेचं विमान घेतलं, की आदली अख्खी रात्र विमानतळाच्या लोखंडी खुर्चीवर जाते. वाचलेले पैसे मग आईच्या गुडघ्यातून वसूल होतात.

म्हणून आधी रेल्वे बघा, मग विमान. विमान रात्रीचं असेल तर सकाळच्या वंदे भारतने निघून दादरला उतरायचं. दुपार हातात राहते, गाडीला तास-दोन तास उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. विमान सकाळचं असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने त्याच पहाटे पोचू, हा हिशोब मांडू नका. आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकाकडे किंवा अंधेरीत मुक्काम करा. रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं. गाडी कर्जतला अडकून बसली म्हणून विमानवाले थांबत नाहीत आणि पैसेही देत नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काहींचा सव्वा तास. पहिलीच वेळ आहे, तेव्हा तीन-साडेतीन तास आधी आत असा.

आणि मुंबईच कशाला, हैदराबाद बघितलंत का? आपल्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी हसतील हे वाचून, त्यांचं तर अर्धं गणगोत तिकडंच. पण बाकी सोलापूरकरांच्या डोक्यात परदेश म्हटलं की मुंबईच येते. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद करत हैदराबाद रोडने सरळ जायचं, पाटणचेरूला रिंग रोड धरायचा. शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर. मुंबई चारशे किलोमीटर, हे त्याहून बरंच जवळ. शिवाय घाट नाही, पनवेलची कोंडी नाही. दुबईला तिथूनही भरपूर विमानं आहेत. गाडी स्वतःची असेल किंवा ओळखीचा ड्रायव्हर असेल तर मी डोळे झाकून हैदराबाद सांगेन. पुण्याहूनही दुबईचं विमान असतं, पण पर्याय कमी. वेळ जुळली तर उत्तमच.

आता तारखेचं. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या तिकिटावर लिहिलं होतं १४ तारीख, ००:४०. मी १४ ला रात्री नऊ वाजता इस्त्रीचे कपडे घालून विमानतळाच्या दारात हजर. जवानाने तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, “साहब, ये तो कल रात निकल गया.” रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांचं विमान म्हणजे १३ च्या रात्री घरून निघायचं असतं. धंद्यात रुपयाचा हिशोब चुकत नाही आमचा, आणि हे चुकलं! वर जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलेलं. जाताना हजर नाही म्हटल्यावर परतीचंही आपोआप रद्द झालं. हा नियम बहुतेक कंपन्यांचा आहे, त्यामुळे कुणाशी भांडायलाही जागा नव्हती. तुमची तारीख ठरली की कॅलेंडरवर विमानाची नाही, घरून निघायची तारीख लिहा.

घड्याळाचंही तसंच. दुबई आपल्या दीड तास मागे. रात्री दहाला निघून पावणेबाराला पोचतं असं दिसलं तर विमान पावणेदोन तासात जात नाही, सव्वातीन तास लागतातच. परतताना हा दीड तास उलटा अंगावर येतो: तिकडं रात्री साडेदहाला बसलात की इथं सव्वातीन वाजलेले असतात, आणि बाहेर पडेपर्यंत साडेचार. त्या अवस्थेत लगेच टॅक्सी करून सोलापूरला निघू नका. जागरण झालेला ड्रायव्हर आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरची पहाट, ही जोडी मला आवडत नाही. परतीचं विमान दिवसाचं मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या. बिझनेस क्लासचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे इथं घालवा.

थोडे सीटवर. या मार्गावरच्या लहान विमानांत दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. तुम्ही तिघं म्हणजे एक ओळ पुरी. तिन्ही सीट पैसे भरून ठरवून घ्या. फुकटात मिळेल ती घेतो म्हणालात तर वडील सातव्या ओळीत आणि आई एकोणिसाव्या, असं होऊ शकतं. खिडकी वडिलांना, मधे तुम्ही, वाटेकडची आईला. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वारंवार होते, दर वेळी दोघांना उठवून जायचं म्हटलं की बाई पाणीच पीत नाही. ओळ पंखांच्या आसपासची घ्या, तिथं हिसके कमी जाणवतात. अगदी शेवटची नको, तिची पाठ मागे जात नाही आणि संडासाची रांग डोक्यावर उभी असते. पाय पसरायला जागा असलेली आपत्कालीन दाराजवळची ओळ आईसाठी मागू नका, गरज पडली तर दार उघडू शकेल अशाच माणसांना ती देतात.

गुडघ्यांना खरा त्रास आहे तो चालण्याचा आणि पायऱ्यांचा. मुंबईचं टर्मिनल २ काय, दुबईचं काय, चालून चालून पिंडऱ्या भरून येतात. विमान लांब उभं असलं तर बसने नेतात आणि शिडी चढायला लावतात. त्यामुळे तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, आईसाठी व्हीलचेअर नोंदवा. बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. माझ्या आईला लाज वाटत होती, “मी काय लंगडी आहे का?” म्हणाली. इमिग्रेशनची रांग बाजूने ओलांडून पुढे गेल्यावर परतताना तिनेच आधी विचारलं, खुर्ची सांगितलीस ना? आणि ढकलणारा पोरगा वाटेत खायला-प्यायला थांबू देतो, फक्त सांगावं लागतं.

विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर. त्याने पोटातला वायू फुगतो. निघायच्या दिवशी उसळ आणि सोडा दोन्ही टाळा. हवा आपल्या मे महिन्यातल्या दुपारसारखी कोरडी असते, पाणी घोट-घोट चालू ठेवा. सुरक्षा तपासणीच्या आधी बाटली रिकामी करायची, आत गेल्यावर भरून घ्यायची. कान दुखतात ते वर जाताना कमी, खाली येताना जास्त. वडील झोपले असतील तर उतरायच्या अर्धा तास आधी उठवा आणि लिमलेटची गोळी चघळायला द्या. नुसतं गिळत राहिलं तरी कान मोकळे होतात.

जेवणाचं एक गंमतशीर. शाकाहारी असाल तर यादीत “हिंदू मील” दिसेल, ते बघून खूश होऊ नका. त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मटण असू शकतं. “एशियन व्हेजिटेरियन” असं निवडा, तेही निदान २४ तास आधी. स्वस्त कंपनीच्या विमानात जेवण विकत असतं. आपली कडक भाकरी केबिन बॅगेत बिनधास्त जाते. दही आणि तेलाचं लोणचं मात्र हातात नको.

बॅगेत काय न्यायचं हे विचारलं नाहीत, पण सीटपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त आहे. खसखस अजिबात नाही. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते, चिमूटभरसुद्धा. कुणी तिकडच्या भाचीसाठी अनारसे दिले, तर खालच्या बाजूची खसखस आठवा आणि घरीच ठेवा. घरचा मसालाही विचारून घ्या, त्यात खसखस भाजून टाकलेली असते. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून धोकादायक मालात धरतात. शारजाच्या मेहुणीसाठी आम्ही नेलेल्या वाट्या मुंबईतच बॅग उघडायला लावून काढून ठेवल्या होत्या, आणि हिला वाटलं त्या लोकांना चटणी करायची असेल! आपल्या शेंगाच्या चटणीत खोबरं नसतंच, ती पिशवीत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत.

खसखशीहून नाजूक गोष्ट औषधांची. गुडघेदुखीसाठी डॉक्टर कधी ट्रॅमाडॉल देतात, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. इथं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतं. तिथं नियंत्रित, आधी परवानगी न घेता नेलं तर पोलिसांपर्यंत जातं. तिकीट काढायच्या आधी आईच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवा, पर्यायी औषध लिहून घ्या. बाकी गोळ्या मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट आणि हातातल्या बॅगेत.

दोघांचे पासपोर्ट काढून आडनावाचा रकाना बघा. जुन्या पिढीतल्या कित्येक बायकांच्या पासपोर्टवर नुसतं एकच नाव असतं, आणि अशा पासपोर्टवर पर्यटक व्हिसाला तिथे नोव्हेंबर २०२२ पासून अडवतात. मुदत प्रवासाच्या दिवशी सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे आजच.

सोन्याबद्दल तुमच्या वडिलांनी विचारलंय म्हणालात. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने करमाफ, हे खरं. पण वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्याला. पाच दिवसांच्या पाहुण्याला ती सूट नाही. आईने इथून जे घालून जायचंय त्याचे फोटो आणि जुनी पावती मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे येताना हे आमचंच म्हणून दाखवता येईल.

तारखा आणि आईच्या गोळ्यांची नावं इथेच टाका. हैदराबाद की मुंबई ते मग गाड्यांच्या वेळा बघून सांगतो. तोपर्यंत तिकीट काढू नका.